सोयाबीनचे वाण काढणाऱ्या साहेबांनो, एकदा मूळ पण उपटून बघा

राज्यातल्या सगळ्या सोयाबीन पैदासकारांना, आणि वाण पास करणाऱ्या कमिटीत जे कोण बसत असतील त्यांना पण,

नमस्कार. मी औसा तालुक्यातला सोयाबीनवाला. नऊ एकर वावर, त्यातलं सात एकर दरवर्षी सोयाबीन. बीएस्सी ॲग्री झालोय, नोकरी लागली नाही, त्यामुळं इंग्रजीतलं थोडंफार वाचता पण येतं आणि कोळपं पण धरता येतं. पत्र लांबलंय, चहा घेऊन बसा.

मागच्या वर्षी एका शिवारफेरीला गेलो होतो. कुठली ते सांगत नाही, सगळीकडं सारखंच असतं. प्लॉटपुढं बोर्ड, बोर्डावर एकरी उतारा, किती दिवसात येतं, शेंगा फुटत नाहीत, यलो मोझॅकला टिकतं, हार्वेस्टरला उंची बसते. सगळं चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू. मी मागून विचारलं, सर ह्याच्या मुळावरच्या, नत्र देणाऱ्या गाठींचं काय? साहेब म्हणाले, "अहो सोयाबीन आहे म्हटल्यावर गाठी येणारच की." सगळे हसले, मी पण हसलो, मग जेवणाचं बोलावणं आलं आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. म्हणून यंदा पेरणीनंतर बेचाळिसाव्या दिवशी फावडं आणि पाण्याची बादली घेऊन वावरात गेलो. एकाच पट्ट्यात एकाच दिवशी एकाच पाकिटातलं रायझोबियम (मुळावर गाठी करणारा जिवाणू) लावून दोन वाण पेरले होते, एक घरचं राखलेलं जुनं जेएस ३३५ आणि एक अलीकडचं नवं, नाव घेत नाही कारण मला कुणाचं बियाणं बदनाम करायचं नाहीये. प्रत्येकी पाच झाडं फावड्यानं मातीच्या ढेकळासकट उचलली (हातानं उपटायचं नाही, उपटलं की निम्म्या गाठी मातीतच राहतात आणि मग माणूस म्हणतो गाठीच नाहीत), बादलीत भिजत ठेवली, हळूहळू माती सोडवली. जुन्याला सोटमुळाच्या वरच्या अंगालाच ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी, ब्लेडनं कापल्या की आत लालभडक. नव्याला गाठी मोजायला गेलं तर जास्तच होत्या, पण बारीक, लांब लांब आडव्या मुळांवर सांडल्यासारख्या, आणि कापल्यावर बऱ्याच आतून पांढऱ्या नाहीतर हिरवट. आता पाच-पाच झाडांवरनं काय सिद्ध होत नाही हे मला पण कळतं, एवढं शिकलोय. पण "येणारच की" हे उत्तर काय बरोबर नाही, एवढं नक्की कळलं.

मुळात सोयाबीनला गाठी येतातच असं नाहीच. १९५४ साली अमेरिकेत विल्यम्स आणि लिंच यांनी अजिबात गाठी न येणाऱ्या सोयाबीनवर पेपर लिहिला, आणि हे एका जीनवर चालतं हे दाखवलं. पुढं कित्येक वर्षांनी त्या जीनचा पत्ता लागला तेव्हा कळलं की बिघाड मुळावरच्या एका प्रोटीनमध्ये आहे. बाकी झाड धडधाकट, फक्त दारावरचा माणूस बहिरा.

तो दारावरचा माणूस काय करतो ते जरा सांगतो, तुम्हाला माहितीच असणार पण हे पत्र बाकीचे पण वाचतील. सोयाबीनचं मूळ मातीत डेडझीन, जेनिस्टीन असली द्रव्यं सोडतं. योग्य जातीचा जिवाणू जवळपास असला की त्याला ते कळतं आणि तो उत्तरादाखल स्वतःचं एक द्रव्य सोडतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. हे उत्तर ऐकायला मुळाच्या बारीक केसांवर दोन प्रोटीन बसलेली असतात. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात २००३ साली ती लोटस नावाच्या एका गवताळ शेंगवर्गीय झाडात सापडली, एनएफआर१ आणि एनएफआर५ अशी त्यांची नावं. दोघांना ओळख पटली तर मूळकेस काठीच्या मुठीसारखा वळतो, जिवाणू त्या वळणात अडकतो आणि तिथून आत बोगदा तयार होऊन गाठीचं काम सुरू. ओळख नाही पटली तर दार बंद.

गंमत पुढं आहे. नॉड फॅक्टरचा सांगाडा असतो कायटिनच्या तुकड्याचा, आणि बुरशीचं अंग पण कायटिनचंच. म्हणजे मुळाला मर लावणारी बुरशी आणि नत्र देणारा जिवाणू दोघंही दारात येऊन जवळपास सारखंच नाव सांगतात, आडनावात तेवढा फरक. त्यामुळं बुरशी ओळखणारं प्रोटीन आणि जिवाणू ओळखणारं प्रोटीन हे सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे आहेत. २०२० मध्ये आरहूसच्याच लोकांनी दाखवलं की त्यांच्यातले मोजके छोटे भाग अदलाबदल केले तरी शत्रू ओळखणारं प्रोटीन मित्राच्या कामाला लावता येतं. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चाललाय!

आणि दार उघडल्यावर पण आत दुसरा वॉचमन असतो. आरजे२, आरजे४ ही नावं तुम्ही सोयाबीनवाले म्हणून ऐकली असणारच. आरजे२ असलेलं सोयाबीन ठराविक जिवाणूंना गाठच करू देत नाही. २०१० साली त्याचं प्रोटीन सापडलं ते निघालं रोगप्रतिकारक प्रोटीनच्या घराण्यातलं. म्हणजे ज्या यंत्रणेनं झाड रोग अडवतं त्याच यंत्रणेनं ते काही रायझोबियम पण अडवतं. माझा साधा प्रश्न आहे, तुम्ही एखाद्या रानटी नाहीतर परदेशी लाइनमधून (म्हणजे पैदाशीला घेतलेल्या सोयाबीनमधून) रोगप्रतिकारकता आणता तेव्हा सोबत असला एखादा वॉचमन पण आला का, आणि त्याला आपल्या पाकिटातला जिवाणू चालतो का, हे कुणी बघतं का? बघत असतील तर माफ करा, पण मग ते बोर्डावर कुठं दिसत नाही.

आता त्या लाल रंगाचं. गाठीतला जिवाणू हवेतलं नत्र धरतो ते नायट्रोजिनेज नावाच्या एन्झाइमनं, आणि ते ऑक्सिजन लागला की खराब होतं. पण जिवाणूला श्वास घ्यायला ऑक्सिजन तर पाहिजेच. ह्यावर झाडानं तोडगा काढलाय लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड, १९३९ साली जपानमध्ये कुबो यांनी सोयाबीनच्याच गाठीत ओळखलं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून मोजून पोचवतं. म्हणून गाठ आतून लाल म्हणजे कारखाना चालू, पांढरी म्हणजे अजून चालू झाला नाही नाहीतर चालणारच नाही, हिरवट म्हणजे संपत आला. (अमेरिकेत इम्पॉसिबल नावाचा बर्गर मिळतो, शाकाहारी असून मटणासारखा लाल दिसतो आणि लागतो, त्यात सोयाबीनचं हेच प्रोटीन यीस्टमध्ये तयार करून टाकलेलं असतं. आमच्या बांधावरच्या प्रोटीनचा तिकडं बर्गर झाला आणि आम्हाला इथं बोर्डावर एक ओळ मिळेना.)

गाठी जास्त म्हणजे भारी, असं आमच्याकडं पण बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. गाठ फुकट चालत नाही, पानात तयार झालेली साखर तिला द्यावी लागते. म्हणून झाडाकडं मोजमाप असतं. गाठी व्हायला लागल्या की मूळ बारकी पेप्टाइड (प्रोटीनचे तुकडे) वर पाठवतं, पानात नार्क नावाचं रिसेप्टर प्रोटीन ती वाचतं आणि खाली निरोप येतो, बास आता. ऑस्ट्रेलियात १९८५ साली ब्रॅग नावाच्या वाणातून असे म्युटंट (जीन बदललेली झाडं) काढले ज्यांचं हे "बास" बिघडलेलं होतं. हो, तेच ब्रॅग, सोयाबीन आपल्या देशात नवं नवं आलं तेव्हा अमेरिकेतून आलेल्या वाणांमधलं. ह्या म्युटंटच्या मुळाला गाठींचे नुसते घोस, आणि झाड बारकं, उतारा कमी. कमावणारे कमी आणि खाणारे जास्त, दुसरं काय. जमिनीत नायट्रेट (खतातून येणारं नत्र) जास्त झालं तरी झाड गाठी आवरतं, म्हणून पंचविसाव्या दिवशी सोयाबीन जरा पिवळसर दिसलं की युरिया फेकणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात माझा थोरला भाऊ पण आहे, आमचं ह्यावरून दरवर्षी वाजतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं पत्र लिहायला घेतलं ते.

कॅलिफोर्नियात टोबी कियर्स, फोर्ड डेनिसन वगैरेंनी २००३ साली सोयाबीनवर एक भन्नाट प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतलं नायट्रोजनच काढून टाकलं, त्याजागी आर्गॉन भरला. म्हणजे जिवाणू चांगला, पण कामाला कच्चा मालच नाही. झाडाच्या दृष्टीनं तो कामचोर. तर झाडानं अशा गाठींना ऑक्सिजन कमी केला आणि त्या गाठीतल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. थकबाकीदाराची डीपीवरनं लाइन कापतात ना, अगदी तसं. म्हणजे मूळ नुसतं दार उघडत नाही, आत घेतल्यावर हिशोब पण ठेवतं.

आणि मग २००७ साली ह्याच मंडळींनी दुसरा पेपर काढला, तो मी तीन वेळा वाचला. अमेरिकेतल्या साठ वर्षांच्या पैदाशीतले जुने-नवे सोयाबीन वाण घेतले आणि त्यांना चांगले आणि कामचोर जिवाणू मिसळून दिले. नुसते चांगले जिवाणू दिल्यावर जेवढं पिकतं त्याच्या तुलनेत मिसळल्यावर जुन्या वाणांचं नुकसान कमी झालं, नव्यांचं जास्त. त्यांचा अंदाज असा की भरपूर नत्र असलेल्या जमिनीत निवड करत गेल्यामुळं नव्या वाणांच्या मुळांची ही पारख ढिली पडत गेली असावी. बरोबरच वाटतं, ज्याला महिन्याचं रेशन घरपोच येतं तो बाजारात घासाघीस करायला विसरतो.

आता सांगा, आपल्याकडं वेगळं काय होतं? संशोधन केंद्राची जमीन चांगली, शिफारशीचं खत वेळेवर, मराठवाड्यातली शिफारस हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश, वर पाण्याची सोय. त्या तीस किलो नत्रानं गाठी मरतात असं मी म्हणत नाही. पण अशा प्लॉटमध्ये ज्याचं मूळ हुशार आहे ती लाइन आणि ज्याचं मूळ मठ्ठ आहे ती लाइन, दोघींचा उतारा सारखाच दिसणार. मग मठ्ठ मुळाची लाइन चार दाणे जास्त देते म्हणून पुढं जाते आणि माझ्या मुरमाड पट्ट्यात येऊन पिवळी पडते. तिथं मग दुकानदार म्हणतो युरिया टाका, झिंक टाका, हे टॉनिक मारा.

हा हिशोब बारका नाही. सोयाबीनच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के प्रोटीन, म्हणजे क्विंटलमागं सहा-साडेसहा किलो नत्र नुसत्या दाण्यात. एकरी दहा क्विंटल पिकलं तर चौसष्ट किलोच्या आसपास. युरियात मोजायचं तर ४५ किलोच्या तीन गोण्यांच्या वर, ते पण टाकलेला सगळाच्या सगळा झाडाला लागला तर, आणि तो कधीच लागत नाही. आम्ही एवढं टाकत नाही, म्हणजे बाकीचं बहुतेक ह्या गाठीच देतात.

ब्राझीलवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. तिथं योहाना डोबेराइनर बाईंनी १९६० च्या दशकातच हट्ट धरला होता की सोयाबीनची पैदास करायची ती नत्र खत न देता आणि जिवाणू लावून, म्हणजे निवड आपोआप मुळाची पण होते. आज तिकडं सोयाबीनला नत्र खत जवळपास देतच नाहीत, आणि जमिनीत आधीचे जिवाणू असले तरी दरवर्षी बियाणाला नव्यानं लावतात, त्यातून सरासरी आठेक टक्के उतारा वाढतो असे त्यांचे आकडे आहेत. त्यांच्याच एम्ब्रापा ह्या शेती संशोधन संस्थेतल्या मारियांजेला हुंग्रिया यांना ह्याच कामासाठी २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. त्यांची जमीन वेगळी, हवामान वेगळं, मान्य. पण पद्धत उचलायला काय हरकत आहे?

अमेरिकेतलं पण एक सांगतो. तिथल्या मिडवेस्टमध्ये १२३ नंबरच्या गटाचे जिवाणू जमिनीत इतकं ठाण मांडून बसलेत की पाकिटातला कितीही चांगला जिवाणू लावा, गाठीत जागा मिळते ती बहुतेक ह्या जुन्या भाडेकरूंनाच. मग १९८० च्या दशकात त्यांच्या शेतकी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला, जिवाणू बदलून जमत नाही तर दार बदला, आणि १२३ ला आत घेत नाहीत अशा सोयाबीनच्या लाइन हुडकून काढल्या. म्हणजे हे काम पैदासकाराचं आहे. आपण सगळा भार त्या अडीचशे ग्रॅमच्या पाकिटावर टाकून मोकळे झालोय.

पाकिटाचं पण बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल शेतकऱ्याचीच चूक. आहे, आमची पण आहे. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम एकाच घमेल्यात एकदम कालवणारे आमच्या गावात निम्मे तरी असतील. आधी औषधं, ती वाळू द्यायची, मग पेरणीच्या तोंडावर जिवाणू आणि सावलीत सुकवणं, हे सांगून सांगून थकलो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून पाकीट आणलं, मे महिनाभर पत्र्याखालच्या वरच्या फळीवर पडलेलं, हातात घेतलं तर भाकरीसारखं गरम. तारीख होती पुढच्या मार्चपर्यंतची. त्यात जिवाणू कमी आणि राखच जास्त असणार! पण असलं पाकीट लावून पण माझ्या ३३५ ला लाल गाठी होत्या, कारण जमिनीतले जे बरे होते ते त्यानं निवडून घेतले असतील असं आपलं मला वाटतं. अंदाज आहे, तपासायला माझ्याकडं लॅब नाही, तुमच्याकडं आहे.

म्हणून मागणं एवढंच. वाणाच्या माहितीपत्रकात उताऱ्याखाली एक ओळ द्या, फुलोऱ्यात झाडामागं आतून लाल गाठी किती, कुठल्या जिवाणूबरोबर, कुठल्या जमिनीत. आणि ट्रायलमध्ये एक तरी पट्टा बिननत्राचा ठेवा, त्यात मुद्दाम चांगले-वाईट जिवाणू मिसळून टाका, बघू कोण पारख करतं. सगळ्या लाइनवर नको, शेवटच्या आठ-दहावर केलं तरी चालेल. मला माहितीये मनुष्यबळ नाही, मजूर मिळत नाहीत, मुळं धुणं हे कंटाळवाणं काम आहे, माझी दहा झाडं धुताना कंबर गेली. पण सूक्ष्मजीवशास्त्र विभाग त्याच आवारात असतो की हो, मधी फक्त एक रस्ता आणि दोन विभागांचा इगो. विद्यार्थ्यांना हजार वेळा झालेल्या फवारणीच्या प्रयोगाऐवजी हा थीसिसला द्या, आनंदानं करतील.

एक अजून. जुने वाण शीतगृहातून काढून एकदा नव्यांच्या शेजारी लावा. ३३५ जबलपूरहून आलं, १९९४ चं, आता त्याच्यावर रोग फार येतात म्हणून तुम्ही ते सोडा म्हणता आणि ते बरोबरच आहे, मी पण दोन एकराच्या वर लावत नाही. त्याच्या शेंड्याला वय झालंय, पण मूळ कसं आहे हे सोडायच्या आधी कुणी बघितलंय का? चांगलं निघालं तर ते क्रॉसमध्ये घ्या, नाही निघालं तर माझं तोंड बंद होईल, दोन्हीत तुमचा फायदाच.

पुढच्या खरिपात मी चार वाण बांधाला लागून लावणार आहे, एक पट्टा पूर्ण बिनखताचा. पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे पाऊस वेळेवर आला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कुणीही या. फावडं, बादल्या, ब्लेड सगळं माझ्याकडं आहे. गाडी पांदीच्या अलीकडंच लावा, काळ्या रानात रुतली की ट्रॅक्टर लावून काढावी लागते, आणि बूट नका घालू, मणभर चिखल चिकटतो.

आपला,
औसा तालुक्यातला एक सोयाबीनवाला